उसनं चुंबकत्व

हे व्याख्यान आम्ही मागच्या आठवड्यात साताऱ्यात दिलं आणि आज सांगलीत देतो आहोत. साताऱ्यात व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता त्या द्रवामुळे एमआरआयचा संदेश दहा हजार पट वाढतो. मग तो द्रव मुंबईत नाहीतर पुण्यात तयार करायचा आणि बाटलीत भरून इकडे आणायचा. एवढं सोपं नाही का ते?" उत्तर तिथल्या तिथे दिलं, पण घाईत दिलं. साताऱ्याहून इकडे येताना गाडीत आम्ही त्याच प्रश्नावर बोलत होतो. लक्षात आलं की या विषयाचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून आज मांडणी बदलली आहे. बाटली का आणता येत नाही, आणि मग काय करता येईल, हे शोधत आपण जाणार आहोत.

आधी एक शब्द मोकळा करून घेऊ. 'ध्रुवीकरण' हा शब्द हल्ली आपण निवडणुकीच्या बातम्यांत ऐकतो. भौतिकशास्त्रात तो जुना आहे आणि त्याचा अर्थही फार वेगळा नाही: विखुरलेले सगळे एका बाजूला झुकणे. इथे झुकणारी मंडळी म्हणजे अणूंची केंद्रकं. हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, हे एक इवलंसं लोहचुंबक असतं, कारण त्याला 'स्पिन' नावाचा अंगचा गुण आहे. बाहेरून मोठं चुंबकक्षेत्र लावलं की या लोहचुंबकांना दोनच पर्याय उरतात, क्षेत्राच्या दिशेनं किंवा उलट. दिशेनं राहिलं तर ऊर्जा किंचित कमी लागते. पण शरीर सदतीस अंशांना उबदार आहे आणि उष्णतेची धक्काबुक्की सतत चालू आहे. त्यामुळे कोणी इकडे, कोणी तिकडे.

किती इकडे आणि किती तिकडे, हे पाहण्यासारखं आहे. रुग्णालयात नेहमी दिसणारं १.५ टेस्लाचं यंत्र घेतलं, तर दहा लाख प्रोटॉनांमागे दिशेनं असणाऱ्यांची संख्या उलट असणाऱ्यांपेक्षा जेमतेम पाचानं जास्त भरते. पंढरपूरला आषाढीला दहा लाख माणसं जमली, निम्मी पूर्वेला तोंड करून आणि निम्मी पश्चिमेला, आणि फरक फक्त पाच माणसांचा. एमआरआय यंत्राला ऐकू येतो तो एवढ्या पाचांचाच आवाज. बाकीचे एकमेकांना खोडून काढतात. तरीही चित्र मिळतं, कारण शरीरात पाणी भरपूर आहे आणि पाण्यात हायड्रोजन भरपूर. पण फुप्फुसातली हवा, किंवा पेशीत साखर जळताना मध्ये क्षणभर तयार होणारे रेणू, ही मंडळी मुळातच थोडी. त्यांच्या पाचांचा आवाज कुठला ऐकू यायला?

इलाज दोन. चुंबक मोठा करा, किंवा त्या पाचांचे एक-दोन लाख करा. पहिल्या रस्त्यानं दुप्पट-चौपट फायदा होतो आणि यंत्राची किंमत भरमसाट वाढते. दुसऱ्या रस्त्याचं नाव अतिध्रुवीकरण. यात केंद्रकाला स्वतःच्या कमाईवर सोडून देत नाहीत, दुसऱ्या कोणाकडून उसनं मिळवून देतात. आजची गोष्ट या उसनवारीची आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, पण तिच्यात मुंबईचा धागा फार लवकर येतो. १९४६ साली स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉक आणि हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांनी, स्वतंत्रपणे, साध्या द्रव-घन पदार्थांतल्या केंद्रकांचा हा आवाज पकडला. यालाच आपण न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, एनएमआर म्हणतो. रेझोनन्स म्हणजे संस्पंदन. १९५२चं नोबेल या दोघांना मिळालं. ब्लॉक यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास एस. एस. धर्मट्टी नावाचे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. विव्हर या सहकाऱ्याबरोबर ते वेगवेगळ्या केंद्रकांचं चुंबकत्व मोजत होते.

त्या काळी भौतिकशास्त्रज्ञांची समजूत अशी होती की एका जातीच्या केंद्रकाची एकच ठरलेली कंप्रता असणार. १९५०मध्ये त्याच प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू यांनी अमोनियम नायट्रेट तपासलं आणि नायट्रोजनच्या एका रेषेऐवजी दोन रेषा दिसल्या. मोजमाप करायला बसलेल्यांना ही कटकटच वाटली. मग १९५१मध्ये आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साधं इथिल अल्कोहोल यंत्रात ठेवलं. आपल्याकडे कारखान्याच्या आसवनीत मळीपासून निघतं, तेच. एकाऐवजी तीन शिखरं दिसली, आणि त्यांची क्षेत्रफळं तीनास दोनास एक. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन तीन जागी बसलेला असतो: एका कार्बनवर तीन, दुसऱ्यावर दोन, ऑक्सिजनवर एक. म्हणजे ज्याला कटकट समजत होते ती रेणूची ओळखपत्रिका निघाली. केंद्रक आपला शेजार कोणता ते सांगत होतं. आज डॉक्टर कर्करोगाच्या पेशीत पायरुव्हेट किती आणि लॅक्टेट किती हे चुंबकाच्या साहाय्यानं वेगळं ओळखतात, त्याचं मूळ या तीन शिखरांत आहे.

धर्मट्टी परतले आणि होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत होती. कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन व्हायला १९६२ उजाडायचं होतं. तिथे त्यांनी एनएमआरचा गट उभा केला आणि त्यातून पुढच्या पिढ्या तयार झाल्या. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१मध्येच वाहत्या द्रवातल्या केंद्रकांचं संस्पंदन तपासलं होतं. पुढे १९७५मध्ये अनिल कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी झुरिकमध्ये प्रतिमा मिळवण्याची जी फूरिए पद्धत मांडली, तिच्यावर आजचं एमआरआय चालतं. हे अनिल कुमार नंतर बंगळूरला प्राध्यापक झाले.

आता इथे थोडं थांबू. शोध १९४६चा. पाच-सात वर्षांत ते शास्त्र मुंबई-बंगळूरला पोचलेलं. आणि भारतात रुग्णांसाठी पहिलं एमआरआय यंत्र बसलं ते दिल्लीच्या इन्मास या संस्थेत, १९८६मध्ये. ज्ञान विमानानं आलं, यंत्र बैलगाडीनं आलं, असं म्हणायला हरकत नाही. हे अंतर मनात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

उसनवारीची कल्पना पहिल्यांदा सुचली ती अल्बर्ट ओव्हरहाउझर या तरुण संशोधकाला, १९५३मध्ये. इलेक्ट्रॉनलाही स्पिन असतो आणि त्याचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६६० पट असतं. म्हणजे त्याच क्षेत्रात, त्याच तापमानाला, इलेक्ट्रॉन कितीतरी जास्त ध्रुवित असतात. केंद्रकाशेजारी हा श्रीमंत शेजारी बसला आहे. ओव्हरहाउझर म्हणाले, धातूतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन सूक्ष्मलहरींनी जोरात ढवळून काढा, म्हणजे केंद्रकांचं ध्रुवीकरण आपोआप वाढेल.

वॉशिंग्टनच्या सभेत त्यांनी हे मांडलं तेव्हा समोर ब्लॉक, पर्सेल, राबी, रॅम्झी असे या विद्येतले सगळे दादा बसले होते. कोणालाही पटलं नाही. न पटण्याचं कारणही साधं होतं. ढवळणं म्हणजे तापवणं. चूल पेटवली आणि शेजारच्या माठातलं पाणी गार झालं, असं कोणी सांगितलं तर आपणही हसूच. पण इलिनॉयमध्ये कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर, अगदी दुबळ्या चुंबकक्षेत्रात, तोच प्रयोग केला आणि केंद्रकांचा संदेश सुमारे शंभरपट वाढलेला दाखवला. मग दादा मंडळींनी मान्य केलं. माठ खरोखरच गार झाला होता. आपल्या घरच्या फ्रिजमध्येही वीज खर्चूनच थंडावा मिळतो, हे आठवलं की नवल कमी होतं.

मात्र उसनं द्यायला देणारा आणि घेणारा यांचा सूर जुळावा लागतो. हे समजायला आपल्याला लांब जायला नको, मिरजेला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेच्या शिकलगारांनी, पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यं बनवायला घेतली, आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीत वाजवायच्या तारांखाली तरफा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही. वरची तार छेडली की जिचा स्वर जुळलेला असेल तेवढीच तरफ गुणगुणते, बाकीच्या गप्प राहतात. एक तार दुसरीला देते, पण सूर एक असेल तरच.

अडचण अशी की केंद्रकांचे सूर मुळात वेगळे असतात. त्याच क्षेत्रात कार्बन-१३ची कंप्रता प्रोटॉनच्या चौथाई असते. मग प्रोटॉननं कार्बनला द्यायचं कसं? १९६२मध्ये हार्टमान आणि हान यांनी तोड काढली. दोघांवर दोन वेगळ्या रेडिओलहरी सोडायच्या आणि त्यांची ताकद अशी बेतायची की लहरींच्या नजरेनं दोन्ही केंद्रकं सारख्याच वेगानं फिरतात. म्हणजे खुंटी पिळून तरफ जुळवण्यासारखंच. या जुळणीला आजही त्या दोघांचं नाव आहे. घन पदार्थांच्या एनएमआर प्रयोगशाळेत रोजच्या रोज ती केली जाते. इलेक्ट्रॉन ते केंद्रक आणि केंद्रक ते केंद्रक असे उसनवारीचे दोन्ही रस्ते आता खुले झाले होते. सतारीची उपमा एका जागी लंगडी पडते तेही सांगून टाकतो. तारेकडून तरफेला नाद मिळतो, इथे मिळते ती शिस्त: कोण कुठे तोंड करून उभा आहे, ती.

तिसरा धनको निघाला प्रकाश. फ्रान्समध्ये आल्फ्रेड कास्लर यांनी दाखवलं की वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश टाकला तर अणूतले इलेक्ट्रॉन एका बाजूला वळवता येतात. १९६६चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. १९६०मध्ये बुशिया, कार्व्हर आणि व्हार्नम यांनी रुबिडियम धातूची वाफ प्रकाशानं ध्रुवित केली, आणि तिच्या टकरीतून ते ध्रुवीकरण हेलियम-३ वायूच्या केंद्रकांना दिलं. कार्व्हर तेच, लिथियमवाले. पुढे हीच युक्ती झेनॉन वायूवर चालली. प्रकाशानं रुबिडियमला द्यायचं आणि रुबिडियमनं झेनॉनला. १९९४मध्ये अल्बर्ट, हॅपर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या काढलेल्या फुप्फुसात हा झेनॉन भरून चित्र घेतलं. ज्या फुप्फुसात पाणी थोडं म्हणून एमआरआयला काळोख दिसायचा, तिथे हवा स्वतःच उजळून निघाली. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी माणसांच्या फुप्फुसातली हवा कुठे पोचते आणि कुठे नाही, हे पाहण्यासाठी झेनॉनला मान्यता दिली.

सांगलीत फुप्फुसाचं नाव काढलं की वानलेसवाडी आठवते. विल्यम वानलेस हे कॅनडाचे मिशनरी डॉक्टर. त्यांनी १८९४मध्ये मिरजेला रुग्णालय उघडलं, आणि नंतर त्यांच्या नावानं वसलेल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम झालं. त्या काळी छातीत काय चाललंय ते कळायला बोटांनी ठोकणं, स्टेथोस्कोप आणि पुढे क्ष-किरण एवढंच होतं. क्ष-किरणानं फुप्फुसाचा आकार कळतो. श्वास घेतल्यावर हवा खरोखर कुठे पोचते आणि तिथून रक्तात किती उतरते, हे झेनॉन सांगतो. क्षय बरा झाल्यावर मागे राहिलेला व्रण, भट्टीच्या नाहीतर चुलीच्या धुरानं थकलेलं फुप्फुस, असे रुग्ण आपल्या ओळखीत सगळ्यांच्याच आहेत. किती भाग अजून कामाचा आहे, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नाही.

आता त्या द्रवाकडे येऊ, ज्याच्याबद्दल साताऱ्यात प्रश्न आला. तापमान जितकं कमी, तितकी उष्णतेची धक्काबुक्की कमी. ३.३५ टेस्लाच्या क्षेत्रात सव्वा केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसला, नव्वद टक्क्यांहून जास्त इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात. अशा थंडीत गोठवलेल्या द्रावणात थोडे एकटे इलेक्ट्रॉन असलेले रेणू मिसळायचे आणि सूक्ष्मलहरी सोडायच्या. इलेक्ट्रॉन आणि शेजारचं केंद्रक एकदमच उलटतात. इलेक्ट्रॉन चटकन पूर्वस्थितीला येतो आणि पुढच्या केंद्रकाला द्यायला मोकळा होतो. केंद्रकं ते आपापसात पुढे सरकवतात, स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात तशी. जेफ्रिज आणि अब्रागाम यांच्या काळापासून, म्हणजे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, ही विद्या माहीत होती. पण ती वापरली जायची ती मूलकणांच्या प्रयोगांत मारा करण्यासाठी ध्रुवित लक्ष्यं बनवायला. उणे २७२ अंशांचा बर्फाचा खडा रुग्णाला कोण टोचणार?

२००३मध्ये स्वीडनच्या माल्मो इथे अर्डेनकेअर-लार्सन आणि सहकाऱ्यांनी तोही अडसर काढला. खडा चुंबकातच असताना त्याच्यावर वरून तापलेलं पाणी दाबानं सोडायचं. काही सेकंदांत खडा विरघळतो आणि कोमट द्रावण बाहेर येतं. केंद्रकांना अजून बातमी पोचलेली नसते की हिवाळा संपला. ती थंडीतल्याच शिस्तीत उभी असतात. कार्बन-१३चा संदेश दहा हजार पटींहून जास्त वाढला होता.

आणि डॉक्टरांच्या कामाला आला तो पायरुव्हेटचा रेणू. पेशीत ग्लुकोजची साखर फुटली की पायरुव्हेट होतं. प्राणवायू असेल तर निरोगी पेशी ते पुढे पूर्ण जाळते. कर्करोगाच्या पेशी मात्र प्राणवायू असूनही बरंचसं लॅक्टेटकडे वळवतात, म्हणजे दह्याला आंबट करणाऱ्या आम्लाच्याच रूपाकडे. ओटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकातच पाहिलं होतं. कार्बन-१३ घातलेलं ध्रुवित पायरुव्हेट शिरेतून दिलं की ते लॅक्टेट होताना डोळ्यांसमोर दिसतं. गाठीचा आकार बदलण्याआधी तिचा स्वभाव कळतो. औषध लागू पडतंय की नाही, हे आठवड्यांऐवजी दिवसांत कळण्याची आशा यात आहे. २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ३१ रुग्णांवर पहिल्यांदा हे करून पाहिलं गेलं. अजून हे संशोधनाच्या टप्प्यात आहे, नेहमीच्या उपचारात आलेलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

आता बाटली. उसनं घेतलेलं परत करावंच लागतं, आणि इथे सावकार फार कडक आहे. द्रावणातल्या पायरुव्हेटचं ध्रुवीकरण साधारण मिनिटभरात एक तृतीयांशाच्या जवळ येतं. दोन मिनिटांत सुमारे चौदा टक्के उरतं, पाच मिनिटांत एक टक्काही नाही. रेणू तसाच असतो, बाटली भरलेलीच असते, फक्त शिस्त मोडलेली असते. पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८शी तुलना करा. ते द्रव्य ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून पावणेचार तासांच्या प्रवासानंतरही चौथाई हाती राहतं. पुण्याहून ते सांगलीपर्यंत नेटानं आणता येतं. पायरुव्हेटचं ध्रुवीकरण पुण्यातल्या पहिल्या सिग्नललाच संपेल. झेनॉन बरा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून चुंबकात ठेवला तर काही तास टिकतो, पण फुप्फुसात गेल्यावर त्यालाही सेकंदच मिळतात.

तेव्हा साताऱ्याच्या त्या गृहस्थांना पूर्ण उत्तर असं: औषध पाठवता येतं, किरणोत्सारी द्रव्य धावत-पळत आणता येतं, फोटो तर क्षणात फोनवर येतो. पण उसनं चुंबकत्व जिथे रुग्ण, तिथेच तयार व्हावं लागतं. ध्रुवक यंत्र शेजारच्या खोलीत हवं. आणि विरघळवण्याच्या पद्धतीचं यंत्र म्हणजे अतिवाहक चुंबक, द्रव हेलियमची थंडी, सूक्ष्मलहरींची यंत्रणा आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसं. जिल्ह्याच्या गावी हे उद्या होईल असं आम्ही म्हणणार नाही.

पण चौथा धनको अजून राहिला आहे, आणि तो गरिबांच्या ओळखीचा आहे. हायड्रोजन वायूच्या रेणूत दोन प्रोटॉन असतात. त्यांचे स्पिन एका विशिष्ट तऱ्हेनं परस्परविरोधी जोडले गेले तर तो पॅराहायड्रोजन, नाहीतर ऑर्थोहायड्रोजन. हायड्रोजनच्या या दोन रूपांचा उल्लेख हायझेनबर्ग यांच्या १९३२च्या नोबेलच्या घोषणेत आहे, आणि १९२९मध्ये बोनहोफर व हार्टेक यांनी ती वेगळी करून दाखवली. साध्या तापमानाला पॅरा असतो चौथाई. थंड करून लोहाच्या ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून वायू सोडला की तो वाढतो. द्रव नायट्रोजनच्या थंडीत सुमारे निम्मा, वीस केल्विनला जवळजवळ सगळा. उत्प्रेरकापासून दूर केला की साध्या तापमानालाही सिलिंडरमध्ये दिवसेंदिवस टिकतो. मिनिटांचा हिशेब इथे दिवसांत गेला, हे ध्यानात घ्या.

पॅराहायड्रोजन स्वतः चुंबकाला दाद देत नाही, त्याची शिस्त झाकलेली असते. १९८६-८७मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये बाउअर्स आणि वाइटेकांप यांनी दाखवलं की हा रेणू रासायनिक क्रियेनं दुसऱ्या रेणूला असा जोडला, की दोन प्रोटॉनांच्या जागा वेगवेगळ्या होतील, तर झाकलेली शिस्त उघडी पडते आणि प्रचंड संदेश मिळतो. २००९मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गटानं पुढचं पाऊल टाकलं. इरिडियमच्या एका संयुगावर पॅराहायड्रोजन आणि हवा तो रेणू दोघेही क्षणभर शेजारी बसतात, देवघेव होते, आणि रेणू होता तसाच, पण ध्रुवित होऊन, निघून जातो. या देवघेवीला लागणारं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या शे-दीडशे पट, म्हणजे हातानं गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यातून मिळेल इतकंच.

आणि द्रव नायट्रोजन? आपल्या भागातल्या कुठल्याही पशुपालकाला विचारा. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य ज्या कॅनमधून येतं, त्यात तोच असतो. गावोगावी पोचलेली ती थंडी आहे. तिच्यात मिळणाऱ्या निम्म्या पॅरामधून पूर्ण पॅराच्या मानानं एक तृतीयांश फायदा हाती लागतो, हे साध्या गणितानं काढता येतं. एक तृतीयांश, पण घरचा. अडचणी आहेत. इरिडियम शरीरात जाता कामा नये, ते पूर्ण गाळून काढावं लागतं. सगळेच रेणू त्या खाटल्यावर बसत नाहीत. हायड्रोजन जपून हाताळावा लागतो. जगभर या अडचणींवर काम चालू आहे.

आता सुरुवातीला सांगितलेल्या अंतराकडे परत येऊ. आपल्या दोन जिल्ह्यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर लांबची गोष्ट जवळ आणणाऱ्यांची रांग दिसते. वानलेसांनी शस्त्रक्रिया मिरजेत आणली, रुग्णांना मुंबईला जायला सांगितलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना टाकला आणि लोखंडी नांगर जिथे शेतकरी तिथेच बनवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला आणली, कारण पोरं शहरात शिकायला जाऊ शकत नव्हती. धर्मट्टींनीही स्टॅनफर्डची विद्या मुंबईत आणून रुजवली. या सगळ्यांनी एकच ओळखलं होतं की काही गोष्टी पाठवून चालत नाहीत, त्या जागेवर उभ्या कराव्या लागतात.

अतिध्रुवीकरण ही तशीच गोष्ट आहे, आणि इथे तर निसर्गाचाच नियम तसा आहे. एक मिनिट. तेवढ्यात जे होईल ते. एमआरआय आपल्याकडे एनएमआरच्या शोधानंतर चाळीस वर्षांनी आलं तरी आलं, कारण यंत्र ट्रकवर चढवून आणता येतं. इथे यंत्राबरोबर ते जुळवणारे, दुरुस्त करणारे, रसायन ओळखणारे हातही लागणार. म्हणून साताऱ्या-सांगलीच्या महाविद्यालयांतल्या भौतिक आणि रसायनशास्त्राच्या मुलांना आम्ही एवढंच सांगतो: पॅराहायड्रोजनचं पहिलं पुस्तक उघडायला अतिवाहक चुंबकाची वाट बघायला लागत नाही.

व्याख्यान संपल्यावर ते साताऱ्याचे गृहस्थ दाराशी पुन्हा भेटले होते. म्हणाले, "म्हणजे हे दुधासारखं झालं. लांबून आणलं तर नासतं." आम्ही म्हणालो, दुधापेक्षाही नाजूक. त्यावर ते म्हणाले, "मग डेअरीच गावात काढायला पाहिजे." आमच्या दीड तासाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.